हेडसर पहिलीत बसतात

डंकाआजी त्या दिवशी उठल्यापासून गप्प होती. गप्प राहून तिने चहा घेतला, गप्प राहून वेणी घातली आणि गप्पच राहून नातीचा डबा भरला. शेवटी सुनेला राहवलं नाही. तिने जवळ येऊन सासूच्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही, आई."

"सराव करतेय," आजी म्हणाली आणि पुन्हा ओठ मिटून बसली.

सराव करावा लागेल अशीच गोष्ट होती. आजीचं खरं नाव गल्लीत आता कोणाच्या लक्षात नव्हतं. सुनेच्या नावाचा डंका पिटत फिरते म्हणून ती डंकाआजी. सून सरकारी शाळेत नर्स होती, आणि ही गोष्ट आजीच्या पोटात काही केल्या मावत नव्हती. नळावर पाणी भरताना, बसथांब्यावर, केस कापणाऱ्याच्या दुकानासमोर, कुठेही चार माणसं दिसली की ती सुरू व्हायची. "पांढरा कोट आहे तिला. स्वतःची खोली आहे. खोलीला पडदा, पडद्यामागे खाट, आणि औषधांच्या कपाटाला कुलूप. किल्ली तिच्याकडे. हेडसरांनासुद्धा मागावी लागते."

तिला अभिमान वाटायला कारणही होतं. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिना महिना घरी नसायचा. सुनेला शिकायला बसवलं ते आजीने. चूल तिने सांभाळली, नात तिने सांभाळली, आणि सराव करायला माणूस हवं म्हणून स्वतःचे हातपायही तिनेच पुढे केले. सून रोज संध्याकाळी तिला कुठे ना कुठे पट्टी बांधायची, आणि आजी ती पट्टी मिरवत बाहेर जायची. लोकांना वाटायचं, म्हातारी रोज कुठेतरी आपटते. "आपटत नाही, अभ्यास चाललाय," असं ती बजावून सांगायची.

पण डंक्याचा आवाज जरा जास्तच लांब गेला. लोक दुखणी घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊ लागले. कोणाची दाढ, कोणाचा गुडघा. एकाने तर लंगडणारी शेळी आणली. सून सगळ्यांना हात जोडून परत पाठवायची, तरी फाटकाशी रांग दिसायचीच. मग कोणीतरी वर तक्रार केली, की शाळेतली नर्स बाहेरच्या लोकांवर उपचार करते.

आदल्या दिवशी सुनेने आजीला समोर बसवून सांगितलं होतं. "आई, उद्या तपासणीला मॅडम येणार आहेत. त्यांच्या मनात आलं तर आपल्या शाळेची नर्स काढून घेतील. मग आठवड्यातून एक दिवस कोणीतरी येऊन जाईल."

"आणि तिसरीतल्या त्या पोरीला दम लागतो, तिचं काय?"

"तेच म्हणते मी. तिला काय वार बघून दम लागणार आहे? तेव्हा एवढं करा. मी तुमची सून आहे, हे उद्या शाळेत कोणाला सांगू नका. मॅडमना वाटेल, घरच्यांचीच सोय चाललीय."

आजीचा चेहरा पडला. आपणच वाजवलेला डंका सुनेच्या मुळावर आलाय, हे तिला कळत होतं. "बरं," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "किती वाजेपर्यंत?"

आजीला शाळेत जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं, कारण तीही त्याच शाळेत शिकत होती. शाळेला स्वतःची नर्स मिळायला पट कमी पडत होता, तेव्हा हेडसरांनी डोकं लढवून दुपारचा प्रौढांचा वर्ग सुरू केला होता आणि ही सगळी मोठी माणसं पटावर रीतसर चढवली होती. त्या वर्गाला सगळे 'थोरली पहिली' म्हणायचे. चित्रकलेचे सर तिथे शिकवायचे. प्रवेशाची रीत त्यांनीच घालून दिली होती. येणाऱ्याने वर्गासमोर उभं राहून आपल्याला काय येत नाही ते मोठ्याने सांगायचं, आणि वर्गाने म्हणायचं, "मग बसा." झाला प्रवेश. आजीने उभं राहून सांगितलं होतं, "मला वाचता येत नाही. आयुष्यभर अंगठा लावलाय." आता ती पाटीवर स्वतःचं नाव लिहायची, आणि त्याच्याखाली, कोणी सांगितलं नसताना, सुनेचं.

तपासणीच्या मॅडम आल्या तेव्हा आजी नर्सच्या खोलीतच होती. थोरल्या पहिलीचा रक्तदाब बघायचा दिवस होता. आजीच्या दंडाला पट्टा गुंडाळलेला, सुनेच्या कानात नळ्या, तेवढ्यात हेडसर मॅडमना घेऊन आत आले. मॅडम चांगल्या उंच होत्या, हातात फाईल, पायात नवे कोरे बूट. चालताना त्या डावा पाय जरा जपून टाकत होत्या. सुनेची नजर आधी त्या पायावर गेली आणि मग चेहऱ्यावर.

मॅडमची नजर मात्र खाटेवर बसलेल्या म्हातारीवर होती. "या कोण? बाहेरच्या?"

"मी पहिलीतली," आजी म्हणाली.

मॅडमनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी घसा साफ केला. "थोरली पहिली. पटावर आहेत त्या. हजेरीही चोख असते."

"आणि नर्सबाई कशा आहेत, आजी?"

आजीच्या घशात शब्दांचा असा काही लोंढा आला की तिला खोकला लागला. त्यात भरीस भर म्हणून सून सवयीने बोलून गेली, "आई, हात सैल सोडा."

हेडसर घाईघाईने म्हणाले, "त्या सगळ्यांनाच आई म्हणतात. फार मायाळू."

झालं, आता ते निभावणं आलं. सुनेने मॅडमपुढे खुर्ची सरकवली आणि ती म्हणाली, "बसा ना, आई."

मॅडम सुनेपेक्षा लहानच असाव्यात. त्यांनी एक भुवई वर केली, पण बसल्या मात्र लगेच, आणि बसताक्षणी डावी टाच हळूच बुटातून उचलून धरली.

हेडसरांना बोलता बोलता करून दाखवायची भारी हौस. त्यांनी भिंतीवरचा नियम छडीने दाखवला. तो त्यांनीच ठळक अक्षरांत लिहून घेतला होता. आजीलाही तो आता जुळवून जुळवून वाचता यायचा: शाळेतील विद्यार्थ्यांवर उपचार फक्त नर्सनेच करावेत, इतर कोणीही करू नयेत; नर्सनेही विद्यार्थ्यांखेरीज कोणावरही उपचार करू नयेत.

"आम्ही अगदी काटेकोर पाळतो, मॅडम. मागे एका मुलाला खरचटलं, तर या चित्रकलेच्या सरांनी त्याला पट्टी लावली. मी सरांना लेखी समज दिली."

मागोमाग आलेले चित्रकलेचे सर दारात उभे होते. ते म्हणाले, "चांगली दोन पानी होती."

"आणि औषधांचं कपाट?" मॅडमनी विचारलं. "एखाद्या दिवशी कुलूप हरवलं तर?"

सुनेने नुकतंच कुलूप काढून टेबलावर ठेवलं होतं. हेडसर पुढे झाले. कपाटाचं दार लावून त्यांनी कडी कोयंड्यावर बसवली. "कुलूप नसलं तरी हरकत नाही. कोयंडा इतका भक्कम आहे की नुसती काडी घातली तरी दार हलत नाही. काडी कशाला, हे बघा, बोट." असं म्हणून त्यांनी कुलपाच्या जागी तर्जनी सारली आणि दार ओढून दाखवलं. दार हललं नाही. मग त्यांनी बोट ओढलं. तेही हललं नाही.

"बघितलंत?" हेडसर हसत म्हणाले. हसता हसता त्यांनी पुन्हा ओढलं. हसू थांबलं.

"अडकलं का?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

"नाही, नाही. बसलंय जरा."

थोड्याच वेळात सगळ्यांच्या लक्षात आलं की हेडसर स्वतःच कपाटाचं कुलूप झाले आहेत. बोटाचं पेर कोयंड्यातून पलीकडे गेलं होतं आणि आता माघारी यायला तयार नव्हतं. सून चटकन उठली, दोन पावलं पुढे गेली आणि जागच्या जागी थबकली. तिने भिंतीकडे पाहिलं. मग मॅडमकडे.

मॅडमनीही भिंतीकडे पाहिलं. "हेडसर विद्यार्थी नाहीत," त्या म्हणाल्या. "नियम मी केलेला नाही. माझं काम फक्त बघायचं. आणि तक्रार नेमकी हीच आहे, की नर्स विद्यार्थी सोडून इतरांवर उपचार करते."

"बरोबर आहे मॅडमचं," हेडसर म्हणाले. नियमाचा माणूस तो, बोट अडकलं तरी मोडणारा नव्हता. "नर्सबाई, मागे व्हा. माझ्यासाठी तुमची नोकरी जायला नको."

चित्रकलेचे सर भिंतीवरचा नियम पुन्हा वाचत होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "हेडसर विद्यार्थी नाहीत म्हणजे त्यांना नर्सने हात लावायचा नाही. पण बाकी कोणीही लावला तरी चालेल की."

"म्हणजे?" हेडसरांनी काळजीने विचारलं.

"म्हणजे मी लावतो."

सरांनी कंबरेला विळखा घालून हेडसरांना ओढलं. कपाट पुढे आलं, हेडसर ओरडले, बोट तिथेच. मग साबण आणला, पण तोपर्यंत बोट सुजलं होतं. शाळेचा माळी आला, त्याने बोट उलटं फिरवावं असं सुचवलं आणि फिरवूनही पाहिलं. स्वयंपाकघरातून तेल आलं, ते हेडसरांच्या बाहीवर जास्त आणि बोटावर कमी पडलं. सुतार बोलवावा म्हटलं, तर तो दुसऱ्या शाळेत गेलेला, उद्या यायचा. ज्यांना काही येत नव्हतं त्या सगळ्यांना परवानगी होती, आणि जिला येत होतं ती पदराशी हात घट्ट धरून कोपऱ्यात उभी होती.

"अहो, ओढू नका," ती कळवळून म्हणाली. "हात वर धरा आधी, सूज उतरू द्या."

"हा सल्ला उपचारात धरायचा का?" माळ्याने मॅडमना विचारलं.

मॅडमनी फाईल उघडली. सुनेने ओठ मिटले.

आजी खाटेवर बसून हे सगळं बघत होती. बोट कसं सोडवायचं ते तिला पाठ होतं. सुनेने शिकताना तिच्याच बोटावर दोरा गुंडाळून अंगठी काढायचा सराव केला होता, इतक्यांदा की अंगठीखालची कातडी गुळगुळीत झाली होती. तिला हेडसरांची कीव येत होती, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते कोपऱ्यातल्या त्या दोन रिकाम्या हातांचं. आणि बोट जांभळं होत चाललं होतं.

"मॅडम," आजी म्हणाली, "मला एक विचारायचंय. पहिलीतली विद्यार्थिनी म्हणून."

"विचारा."

"मी म्हातारी. माझं दुखलं तर नर्सबाई बघतात, ते नियमात बसतं ना?"

"बसतं. तुम्ही पटावर आहात."

"मग हेडसरांना घ्या की पटावर."

हेडसरांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण ते कपाटाला बांधलेले असल्यामुळे अर्धीच वळली. "मला? पहिलीत?"

"थोरल्या पहिलीत," आजीने समजावलं. "प्रवेश बारा महिने चालू असतो. तुम्हीच तसं करून ठेवलंय."

"पण आजी, मला लिहिता-वाचता येतं."

"मग जे येत नाही ते सांगा. रीत तीच आहे."

हेडसर वर्गात जाऊ शकत नव्हते, म्हणून वर्ग हेडसरांकडे आला. थोरली पहिली पाट्या काखेत घेऊन नर्सच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या नाकावर चष्मा. चित्रकलेचे सर आवाज वाढवून म्हणाले, "नवीन विद्यार्थ्याने वर्गाकडे तोंड करावं."

"कसं करू?"

"जमेल तेवढं करा. हं, काय येत नाही आपल्याला?"

हेडसर मोकळ्या हाताने सदऱ्याचं बटण चाचपू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी या शाळेत 'मला येत नाही' हे वाक्य फक्त इतरांकडून ऐकलं होतं. कानाच्या पाळ्या बोटापेक्षा लाल झाल्या.

"मला," ते खाली बघत म्हणाले, "मोबाइलवर मेसेज लिहिता येत नाही."

"काय सांगता," चित्रकलेचे सर म्हणाले. "रोज तर तुमची उत्तरं येतात."

"अंगठा येतो. तेवढाच मला सापडतो."

सरांचा आवाज एकदम बदलला. "माझी सासू वारली तेव्हा तुम्ही अंगठा पाठवलात, तो..."

"दुसरं काही येत नव्हतं हो. फार वाईट वाटलं होतं मला. खरंच."

"आणि मी तेव्हापासून तुमच्यावर डूख धरून बसलोय. ते खडूंचं खोकं नेहमी हरवतं ना, ते हरवत नाही."

हेडसरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बोट मोकळं असतं तर आणखी दोन पानं लिहून झाली असती.

पण आजी काठी टेकत पुढे आली होती. "मग त्यात लाजायचं काय? मीही अंगठेवालीच होते," ती म्हणाली. "आता सही करते. तुम्हालाही येईल." आणि तिने मागे वळून वर्गाकडे पाहिलं.

"मग बसा," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"बसता येणार नाही," हेडसर पुटपुटले.

चित्रकलेच्या सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हेडसरांकडे, वर्गाकडे, भिंतीकडे पाहिलं. "प्रवेशाची रीत पाळली गेली," त्या हळूच म्हणाल्या. "आता हे विद्यार्थी. तेव्हा बाकीच्यांनी हात काढा."

माळ्याने चटकन तेलाची वाटी मागे लपवली. आणि सून पुढे आली.

मग त्या खोलीत जे झालं ते बघण्यासारखं होतं. तिने आधी हेडसरांना शांत केलं, स्टूल सरकवून टेकायला लावलं. "माझ्याकडे बघा, बोटाकडे नको. दीर्घ श्वास घ्या." खांदा, कोपर, मनगट जमेल तेवढं वर धरायला लावलं. गार पाण्याचा बोळा धरून ठेवला. आजीने न बोलता पिशवीतली दोऱ्याची रीळ काढून पुढे केली. सुनेने ती तिच्याकडे न बघताच घेतली, घरी घ्यायची तशीच. दोऱ्याचं एक टोक तिने कोयंड्यातून सरकवलं, उरलेला दोरा बोटावर वेढ्याला वेढा चिकटवून घट्ट गुंडाळला, पेराच्या पलीकडेपर्यंत. मग सरकवलेलं टोक धरून ती सावकाश उलगडत गेली. वेढा सुटत होता आणि बोट तसूतसूने बाहेर येत होतं.

बोट सुटलं तेव्हा हेडसरांनाच कळलं नाही. ते तसेच हात वर धरून स्टुलावर बसून राहिले. "झालं?"

"झालं. आता मुठीची उघडझाप करा. बधिर वाटतंय का? नाही? छान." एवढं बोलून तिने कपाट उघडलं, मलम काढलं, पट्टी बांधली आणि कुलूप लावून किल्ली कोटाच्या खिशात टाकली. खऱ्या कुलपाचा खटका ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं.

आजीची छाती भरून आली होती. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. तिने दात आवळून धरले.

वर्ग हेडसरांना घेऊन गेला. नवीन विद्यार्थ्याला पहिल्या बाकावर बसवायची रीत होती. खोलीत तिघी उरल्या. मॅडम खुर्चीतून उठल्या, एक पाऊल टाकलं आणि पुन्हा बसल्या.

"तुमच्या त्या पहिलीत," त्यांनी फायलीकडे बघत विचारलं, "अजून जागा आहे का?"

सून म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हाच बघितलं मी. नवे बूट चावलेत. पण विचारता येत नव्हतं."

"रीत पाळावी लागेल," आजी कडकपणे म्हणाली. "काय येत नाही तुम्हाला?"

मॅडमनी विचार केला. "पोहता."

"ते आम्हालाही येत नाही. मग बसा."

सून गुडघ्यावर बसली. तिने मॅडमचा बूट हलक्या हाताने काढला, मोजा फोडाला चिकटला होता तो पाण्याने भिजवून सोडवला. त्या झुकलेल्या मानेकडे, त्या न थरथरणाऱ्या बोटांकडे बघता बघता आजीचा सगळा सराव वाया गेला.

"ती माझी सून आहे," ती म्हणाली.

सुनेचे हात थांबले. आजीने तोंडावर हात दाबला, पण निघालेलं वाक्य काही परत येईना.

"ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "बसमधून उतरले आणि शाळा कुठे म्हणून विचारलं. बूट शिवणारा म्हणाला, 'डंकाआजीच्या सुनेची शाळा ना? सरळ जा.' केस कापणारा म्हणाला, 'सुनेची शाळा? डावीकडे.' शेळीवाला तर म्हणाला, 'काही उपयोग नाही, ती बाहेरच्या कोणाला हातच लावत नाही, मला शेळीसकट परत पाठवलं.' सरकारी नाव एकालाही माहीत नव्हतं." त्यांनी फाईल उघडून गुडघ्यावर ठेवली. "तक्रारीचं उत्तर मला फाटकापर्यंत येतानाच मिळालं होतं. त्यानंतर मी थांबले ती बूट काढायला निमित्त शोधत."

शेरा त्यांनी तिथेच लिहिला आणि आजीपुढे धरला. आजीने चष्मा सावरला, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं: नर्स याच शाळेत राहावी. वाचून झाल्यावर तिने तो पुन्हा वाचला. मग सुनेकडे पाहिलं आणि दोघींनीही एकदमच डोळे पुसले, एकीने पदराने, एकीने पांढऱ्या कोटाच्या बाहीने.

परतताना आजी मुद्दाम नळावरून गेली. गर्दी होती. सगळ्यांनी सवयीने हातातली कामं थांबवून तिच्याकडे पाहिलं. पण आजी काही न बोलता, मान ताठ ठेवून पुढे चालू लागली. आता सांगायला तिच्याकडे इतकं होतं, की कुठून सुरुवात करावी तेच तिला कळेना.

नळावर कुजबुज झाली. "आजी, बरं नाही का तुम्हाला?" एकीने काळजीने हाक मारली. "जा की, सुनेला दाखवून या."

आजी थांबली. वळली. चेहरा असा फुलला की बघणारीला पुढचं कळूनच चुकलं.

"मला दाखवता येतं," ती म्हणाली. "मी पहिलीत आहे. तुम्हाला मात्र आधी प्रवेश घ्यावा लागेल. हेडसर आजच बसलेत."